तोंडातली गाठ, सुई आणि अहेरीचा रस्ता

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात तोंडातली गाठ घेऊन येणारा माणूस बहुधा उशिराच येतो. गाठ दुखत नाही, जेवता येते, काम थांबत नाही. मग आधी गावातला पुजारी, नंतर आशाताई, आणि बाजाराला येणे झालेच तर दवाखाना. दातांच्या खुर्चीवर बसल्यावर त्याचे प्रश्न दोनच असतात. हा कॅन्सर आहे का? आणि कापावे लागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत बदलले आहे. तोंडातल्या काही साध्या गाठी सुईने आत औषध सोडून जिरवता येतात, हे जपान, कोरिया, चीन, युरोप आणि भारतातल्याही दवाखान्यांनी दाखवले आहे. पण हे उपाय मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांच्या रुग्णालयांत तपासले गेले. तिथे यश मोजायची पट्टी एकच होती, गाठ परत आली की नाही. भामरागडहून आलेल्या माणसासाठी दुसरीही पट्टी लागते: एका गाठीसाठी किती वेळा यावे लागले. या दोन्ही पट्ट्या एकत्र लावल्या की उपायांची क्रमवारी बरीच हलते.

साध्या गाठींत सर्वांत जास्त दिसते ती लाळेची गाठ. ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी असतात. खालचा ओठ दाताखाली सापडला, किंवा मुलाला ओठ चावायची सवय असली, की एखाद्या ग्रंथीची नळी फाटते आणि लाळ तोंडात न येता अस्तराखालीच साचते. निळसर, मऊ फुगवटा दिसतो, फुटतो, चिकट पाणी निघते आणि काही दिवसांत पुन्हा भरतो. हा म्यूकोसील, मुले आणि तरुण यांच्यात तो जास्त आढळतो. हेच जिभेखालच्या मोठ्या ग्रंथीचे झाले की रॅन्युला होतो. जीभ वर ढकलली जाते, बोलणे जड होते. कधी कधी ही लाळ तोंडाच्या तळाच्या स्नायूतून वाट काढून खाली उतरते आणि हनुवटीखाली, मानेत फुगवटा येतो. अशा रुग्णाच्या तोंडात बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून मानेची गाठ समजून भलतीच तपासणी सुरू होते.

या गाठींची एक खूण पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे. त्यांतल्या बहुतेकींना स्वतःचे अस्तर नसते. गळलेल्या लाळेभोवती शरीराने उभी केलेली सुजलेल्या ऊतींची भिंत एवढेच त्यांचे आवरण. त्यामुळे आत मुद्दाम दाह निर्माण केला तर त्या भिंती एकमेकींना चिकटतात, गळती बुजते आणि पोकळी नाहीशी होऊ शकते. जिला पेशींचे स्वतःचे पक्के अस्तर आहे अशा गाठीत हे सहसा साधत नाही. जन्मजात डर्मॉइड गाठीत कातडीसारखे अस्तर आणि दाट, पिठूळ माल असतो. तिथे कितीही टोचले तरी अखेर ती काढावीच लागते. नुसती सुई घालून पाणी ओढून घेणे लाळेच्या गाठीतही जवळजवळ नेहमी फसते, कारण जिभेखालची ग्रंथी जेवणाची वाट पाहत नाही. ती रात्रंदिवस झिरपत राहते.

आता पहिल्या प्रश्नाकडे, कारण या मुलखात तोच आधी सोडवायला हवा. खर्रा इथे सर्वत्र आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून केलेली ही पुडी शाळेच्या वयापासून तोंडात जाते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, गडचिरोलीत २०१६ पासून शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचे ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करते आहे, तरी खर्रा सुटलेला नाही. अशा तोंडातली प्रत्येक गाठ साधी आहे असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्यातही एक कर्करोग या विषयाशी थेट नाते सांगतो. तो खर्‍ऱ्यामुळे होणारा गालाचा कॅन्सर नव्हे, लाळग्रंथींचा म्यूकोएपिडरमॉइड कार्सिनोमा. सौम्य प्रतीचा असला तर तो निळसर, मऊ, न दुखणारा, हुबेहूब लाळेच्या गाठीसारखा दिसतो. त्याच्या आवडत्या जागा म्हणजे टाळू आणि अक्कलदाढेच्या मागचा भाग. खालच्या ओठावरची गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. वरच्या ओठावर, टाळूवर किंवा दाढेमागे ‘म्यूकोसील’ दिसला, तर तो म्यूकोसील नाही असे धरून चालावे आणि तुकडा तपासायला पाठवावा.

इथेच सुईच्या उपचाराची मोठी उणीव दिसते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते आणि निदान पक्के होते. सुईने जिरवलेल्या गाठीचा तुकडा कुणाच्याच हाती येत नाही. निदान चुकले असेल तर ते चुकलेलेच राहते. म्हणून टोचण्यापूर्वी गाठीतल्या पाण्याचा रंग आणि चिकटपणा पाहणे, शंका असल्यास पेशी तपासणे आणि रॅन्युला असेल तर सोनोग्राफी करणे एवढे तरी झालेच पाहिजे. सुईत रक्त आले तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि तिचा मार्ग निराळा. आणखी एक सोंग भारतात विसरून चालत नाही. डुकराच्या पट्टकृमीची अळी ओठात किंवा जिभेत बसली की तिथे टणक, गोल, न दुखणारी गाठ होते, आणि अशा कित्येक गाठी म्यूकोसील समजून काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली अळी सापडली आहे. डुकरे मोकळी फिरतात आणि शौचालये अपुरी आहेत अशा गावांतल्या रुग्णाच्या बाबतीत ही शक्यता मनात ठेवावी लागते.

दाहक औषधाने गाठ आटवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुताने जिभेच्या रोगांत उपजिह्विका सांगितली. आजचे वैद्य तिला साधारणपणे रॅन्युला मानतात. तिच्यासाठी त्याने खरवडणे आणि वर क्षार लावणे असा उपचार दिला आहे. क्षाराने आतली भिंत जाळायची, म्हणजे ती पुन्हा भरणार नाही. गेल्या शतकात, १९३३ मध्ये, कटलर आणि झोलिंजर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी कार्नॉयचे दाहक द्रावण गाठी आणि नाडीव्रण आटवण्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. जबड्याच्या काही हट्टी गाठी काढल्यावर उरलेल्या पोकळीला ते द्रावण पुढे अनेक दशके लावले गेले.

आधुनिक कथा मात्र जपानची आहे. ओके-४३२ हे औषध, बाजारातले नाव पिसिबानिल, स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या एका वाणापासून बनते. पेनिसिलिनने त्या जंतूंची रोग निर्माण करण्याची शक्ती घालवलेली असते, शरीराला चेतवण्याचा गुण मात्र शिल्लक राहतो. १९७५ पासून जपानमध्ये ते कर्करोगावरच्या उपचारांत वापरात होते. १९८७ मध्ये क्योतोच्या ओगिता आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मानेतल्या लसिकांच्या मोठ्या गाठीत ते टोचून ती आटवता येते असे दाखवले आणि त्यातूनच रॅन्युलासाठी ते वापरण्याची वाट निघाली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपान आणि कोरियातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तोंडातल्या आणि मानेत उतरलेल्या, दोन्ही प्रकारच्या रॅन्युलांवर त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. अनेक गाठी पूर्ण गेल्या, काही लहान झाल्या, काही परत आल्या. बऱ्याच रुग्णांना एकाहून अधिक वेळा टोचावे लागले. मानेत उतरलेल्या रॅन्युलात निकाल तितके खात्रीचे नव्हते.

या औषधाचे काम समजले की त्याचा त्रासही समजतो. ते पोकळीत गेले की पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह उसळतो, भिंती चिकटतात. म्हणून टोचल्यानंतर काही दिवस सूज, दुखणे आणि ताप येणे अपेक्षितच असते. जिभेखालची सूज वाढून श्वासाला अडथळा होणार नाही यावर लक्ष ठेवावे लागते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला ते देता येत नाही.

आता ही तापाची गोष्ट अहेरीत आणून पाहा. गडचिरोली हा राज्यातला मलेरियाचा सर्वांत मोठा जिल्हा. ताप आला की रक्ताचा नमुना घ्यायचा, हा इथला सर्वांत पहिला धडा आहे. गाठीत औषध टोचून घरी पाठवलेल्या मुलाला दुसऱ्या रात्री ताप भरला, तर तो औषधाचा की फॅल्सिपॅरम मलेरियाचा हे दहा घरांच्या टोल्यावर बसून कोणी सांगू शकणार नाही. ‘इंजेक्शनचाच ताप आहे, उतरेल’ असे आधीच सांगून ठेवले असेल तर ते वाक्यच जिवावर बेतू शकते. तेव्हा हे औषध टोचले तर रुग्णाला तीन-चार दिवस रुग्णालयात ठेवावे, आणि ताप आल्यास मलेरियाची तपासणी करावीच. अर्थात हा प्रश्न आज इथे तात्त्विकच आहे, कारण भारतात हे औषध सहज मिळत नाही.

मिळतात ती औषधे वेगळी. मूळव्याध आणि पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरले जाणारे सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आणि पोलिडोकॅनॉल ही दोन्ही फेसाळ, साबणाच्या जातीची द्रव्ये पेशींचे आवरण विरघळवतात. तोंडातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर ती बऱ्याच काळापासून वापरली जातात. पोलिडोकॅनॉल म्यूकोसीलवर चीनमध्ये पद्धतशीर तपासले गेले. ही औषधे स्वस्त आहेत, साध्या तापमानाला टिकतात. पण पोकळीबाहेर थेंब गेला तर अस्तर सडून जखम होते, आणि ओठावरच्या मसुराएवढ्या गाठीत पोकळी नेमकी गाठणे वाटते तितके सोपे नाही. शुद्ध अल्कोहोल त्याहून जहाल. जिभेखालून चवीची आणि स्पर्शाची नस जाते. तिथे अल्कोहोल झिरपले तर जिभेचा अर्धा भाग बधिर राहण्याची भीती असते. हा उपाय जिल्ह्याच्या पातळीवर कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लिओमायसिन हे जपानी शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांनी १९६० च्या दशकात शोधलेले कर्करोगावरचे औषध. त्याचे चिनी भावंड पिंगयांगमायसिन जिभेच्या टोकाखालच्या म्यूकोसीलवर चीनमध्ये वापरले गेले. साध्या गाठीसाठी लागणारी मात्रा लहान असते, तरी फुफ्फुसांवर परिणाम करू शकणारे औषध ओठावरच्या फोडासाठी उघडायचे का, हा प्रश्न मला सुटत नाही.

बोटुलिनम टॉक्सिनची वाट या सगळ्यांहून वेगळी आहे. ते भिंतीला हात लावत नाही, ग्रंथीला मिळणारा मज्जातंतूचा संदेश थांबवते, आणि ग्रंथी काही महिने झिरपायची थांबली की गळती आपोआप बुजू शकते. विचार सुंदर आहे. मात्र त्याचे अनुभव थोड्याच रुग्णांवरचे आहेत, किंमत मोठी आणि साठवण थंडीत.

अहेरीसाठी खरोखर विचारात घेण्यासारखे इंजेक्शन माझ्या मते स्टेरॉइडचे आहे. ट्रायमसिनोलोन सहज मिळते, स्वस्त असते, हाताळायला माहितीचे असते. लाळेच्या गाठीत स्टेरॉइड टोचून ती शस्त्राविना गेल्याचे अनुभव १९७० च्या दशकापासून प्रसिद्ध आहेत. इथे काम दाह वाढवण्याचे नसून उलटे आहे: गळलेल्या लाळेभोवतीची सूज उतरते, नळीवरचा दाब कमी होतो आणि वाट मोकळी होते. एका टोचण्याने क्वचितच भागते. आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचावे लागते. खालच्या ओठावरचा ताजा, लहान म्यूकोसील ही त्याची योग्य जागा. जुन्या, वारंवार फुटून जाड झालेल्या गाठीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि रॅन्युलात त्याच्यावर विसंबू नये.

आणि रॅन्युलात शस्त्राशी सामना कसा होतो? वुहानच्या शल्यचिकित्सकांनी २००४ मध्ये ५८० रॅन्युलांचा आढावा प्रसिद्ध केला. गाठीचे छप्पर कापून ती तोंडात उघडी केली तर ६६.६७ टक्के वेळा ती परतली. नुसती गाठ काढली तर ५७.६९ टक्के. जिभेखालची ग्रंथीच काढली तर १.२० टक्के. गळणारा स्रोतच गेला की गाठ कुठून भरणार? सुईच्या बहुतेक उपचारांचे आकडे या शेवटच्या आकड्याच्या जवळपास जात नाहीत, आणि सुई व शस्त्र यांची चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना उपलब्ध नाही. बहुतेक लेख एका रुग्णालयातल्या मोजक्या रुग्णांचे, थोड्या महिन्यांच्या पाठपुराव्याचे आहेत.

आता दुसरी पट्टी लावू. भामरागडहून आलापल्लीमार्गे अहेरी, तिथून शंभराहून अधिक किलोमीटर गडचिरोली, आणि पुढे नागपूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड तुटते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मेमध्ये तेंदूपत्त्याची फळी, मग रोवणी. वर्षातल्या ज्या दिवसांवर घर चालते ते दिवस कोणी दवाखान्याला देत नाही. अशा माणसाला ‘सुई टोचू, तीन आठवड्यांनी या, मग बघू, लागले तर पुन्हा टोचू’ असे सांगणे म्हणजे उपचार अर्धवट सुटणार हे आधीच ठरवणे. शहरात सोपा वाटणारा, न कापता होणारा उपाय दूरच्या माणसाला महाग पडतो, आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदाच जाऊन ग्रंथी काढून घेणे त्याला अखेर स्वस्त पडते. सुई दूरच्या, गरीब रुग्णासाठी बरी असे अनेकदा गृहीत धरले जाते. रॅन्युलाच्या बाबतीत मला ते पटत नाही. सुईला अर्थ आहे तो औषध आणि हात दोन्ही अहेरीतच असतील, आणि गाठ ओठावरची असेल तेव्हा.

याला एक मोठा अपवाद आहे, तो सिकलसेलचा. पूर्व विदर्भाच्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आजार पसरलेला आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पूर्ण भूल देणे जोखमीचे असते. ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडले, पाणी कमी झाले की रक्तपेशी विळ्यासारख्या वळून वाहिन्या तुंबतात. अशा मुलाच्या रॅन्युलात भूल टाळणारा कोणताही उपाय वजनदार ठरतो. पण सुईही निर्धोक नाही. ताप आणणारे औषध अशा मुलाला वेदनेच्या झटक्यात लोटू शकते, आणि सिकलसेलच्या रुग्णांत स्टेरॉइडनंतर झटका आल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा तोंडातल्या गाठीवर कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झालेली असावी. ती सोय इथल्या सरकारी यंत्रणेत आहेच.

मग अशा मुलाचे काय करावे? सुई आणि सुरी यांच्या मधली एक साधी युक्ती आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. जागा बधिर करून गाठीच्या छपरातून रेशमी दोऱ्याचा सैल टाका घालायचा आणि आठवडा-दहा दिवस तसाच ठेवायचा. दोऱ्याच्या कडेने लाळ बाहेर झिरपत राहते आणि तिथे नवी वाट तयार होते. १९९० च्या दशकापासून हे तंत्र प्रसिद्ध आहे. भारतातल्या बालदंतवैद्यांनीही ते मुलांत वापरून चांगले अनुभव नोंदवले आहेत. लागते काय? दोरा, सुई, बधिर करणारे औषध आणि दोन भेटी. दुसऱ्या भेटीला कोणी आले नाही आणि दोरा आपोआप गळून पडला, तरी नुकसान काही नाही. उशिरा येण्याची शिक्षा न देणारा उपाय या मुलखात मौल्यवान आहे. आणि तान्ह्या बाळाच्या जिभेखाली छोटा फुगा असेल, दूध ओढता येत असेल, श्वास मोकळा असेल, तर काही महिने वाट पाहणे हाही उपचारच आहे. यांतले काही फुगे स्वतःहून जातात.

जबड्याच्या हाडातल्या गाठींचे थोडक्यात सांगतो. सडलेल्या दाताच्या मुळाशी होणारी गाठ ही त्यांतली सर्वांत सामान्य. ती लहान असेल तर दाताच्या मुळाची नीट स्वच्छता करून कित्येकदा बरी होते. तिच्यात औषध टोचण्याची गरज नाही, गरज असते ती मुळाच्या उपचाराची, आणि सरकारी दवाखान्यात त्याऐवजी दात काढलाच जातो. इटलीच्या ऑस्कर स्काग्लिएत्ती यांनी १९७९ मध्ये हाडांच्या पोकळ गाठींत स्टेरॉइड टोचण्याचे निकाल प्रसिद्ध केले, आणि पुढच्या दशकात जबड्यातल्या जायंट सेल गाठींवर तोच प्रयोग झाला. तरुण मुलीच्या जबड्याचा मोठा तुकडा काढण्याऐवजी तो करून पाहणे योग्य असते, पण त्यासाठी एक्स-रे, बायोप्सी आणि कित्येक आठवड्यांचा क्रम लागतो. ते काम महाविद्यालयाचे.

खर्‍ऱ्याच्या तोंडात सुईचा एक दुसरा, फार मोठा वापर आहे. तो गाठीवरचा नसला तरी गाठीच्या चर्चेला उपयोगी पडतो. सुपारीने गालाचे अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते. मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यावर हायलुरोनिडेज आणि स्टेरॉइडची इंजेक्शने आठवड्यामागून आठवडे गालात टोचण्याची प्रथा देशभर आहे. १९९१ मध्ये आर. एम. बोरले आणि एस. आर. बोरले यांनी अशा इंजेक्शनांची तुलना जीवनसत्त्व, लोह आणि वरून लावायच्या औषधांशी केली, आणि सुईच्या वारंवार टोचण्याने आधीच आजारी अस्तराला इजा होते याकडे लक्ष वेधले. खर्रा चालू असताना टोचलेल्या इंजेक्शनाचा उपयोग टिकत नाही, हे तर प्रत्येक दंतवैद्य जाणतो. याच कडक अस्तराखालच्या एखाद्या लाळग्रंथीची नळी आवळली गेली आणि तिथे गाठ झाली, तर तिच्यात दाहक औषध टोचणे मी टाळीन. आधीच दोरखंडासारख्या झालेल्या गालाला आणखी व्रण देऊन काय मिळणार?

यातून अहेरीच्या दंतविभागाला काय हवे ते ठरवता येते. सोनोग्राफीची वेळ दंतरुग्णालाही मिळावी. पेशी तपासायची काच नागपूर किंवा चंद्रपूरला पाठवून अहवाल ठरलेल्या दिवसांत परत येण्याची सोय हवी, कारण त्याविना कोणतीही सुई आंधळीच. औषधांत ट्रायमसिनोलोन आणि रेशमी दोरा पुरेत. दाहक द्रव्ये ठेवायची तर रक्तवाहिन्यांच्या गाठींसाठी, प्रशिक्षित हातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत मुलांची तोंडे तपासतातच. ओठावरचा निळा फोड पथकाला दिसला तर त्याच महिन्यात अहेरीची तारीख मिळावी. रॅन्युलाच्या मुलांना एकेकटे नागपूरला पाठवण्यापेक्षा शल्यचिकित्सकांनीच इथे यावे. ‘सर्च’च्या शोधग्राम इथल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात बाहेरून आलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया शिबिरे घेतात, तशीच मुखशल्यचिकित्सेची शिबिरे तेंदूच्या हंगामाआधी, फेब्रुवारीत लागली, तर रुग्ण येतील. आणि शिबिरानंतर वर्षभराने, कितींची गाठ परतली आणि प्रत्येकाने किती फेऱ्या मारल्या, हे दोन्ही आकडे कोणीतरी शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. सुई आणि शस्त्र यांची खरी तुलना भामरागडच्या रुग्णासाठी त्याच वहीत होईल.